मापातला माणूस: आंबागडच्या पायथ्यापासून पुरुषाचा पोशाख

भंडारा जिल्ह्यात बहुतेक लग्ने उन्हाळ्यात लागतात आणि नवरदेवाचे कपडे मात्र हिवाळ्यातले असतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, मांडवात कूलर घुमत असतात आणि नवरदेव पॉलिएस्टरच्या अस्तराची जाड शेरवानी घालून घाम पुसत बसतो. शेजारी काकांच्या अंगावर टेरिकॉटचा काळा सूट असतो आणि टायची गाठ कधीच सैल झालेली असते. खर्च दोघांनीही मनापासून केलेला असतो. शोभा मात्र दुपार टळायच्या आत उतरते.

तुमसर तालुक्यातल्या आंबागडच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने हे सोसण्याचे काहीच कारण नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजा खान पठाण याने १७०० च्या सुमारास ज्या डोंगरावर हा किल्ला बांधला, त्याच्या भोवतीच्या जिल्ह्यातल्या जंगलांत ऐन आणि अर्जुन ही झाडे आहेत. त्यांचा पाला खाऊन टसरची अळी कोश करते. पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजातली कुटुंबे या झाडांवर अळ्या राखत आली आहेत आणि कोष्टी समाजाने त्या कोशांचे कापड विणले आहे. तुमसरच्या शेजारच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोसा कापडासाठीच ओळखले जाते. म्हणजे या हवेला मानवणारे आणि कुठल्याही समारंभात मानाने अंगावर घालावे असे कापड आपल्या हाताशी आहे. ते ओळखायचे कसे, त्यातून काय शिवायचे, त्यासोबत काय घालायचे आणि ते टिकवायचे कसे, हे या लेखात क्रमाने सांगतो. माझे म्हणणे एकच आहे: पोशाख आधी हवेला, मग अंगाला आणि मग प्रसंगाला जुळला पाहिजे. ब्रँडचा प्रश्न त्यानंतर येतो.

आधी तीन प्रश्न

कापड घ्यायला दुकानात पाय ठेवण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. हा कपडा कोणत्या महिन्यात घालायचा आहे? प्रसंग कोणता आहे? आणि तो घालून दिवसभर करायचे काय आहे? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मुलीच्या लग्नात बापाला पाहुण्यांच्या मागे धावायचे असते, खाली बसून विधी करायचे असतात, वाढप्यांकडे लक्ष द्यायचे असते. त्याच्यासाठी कमरेत आवळलेला कोट काय कामाचा? गावाहून तुमसरला मोटारसायकलवर मुलाखतीला जाणाऱ्या मुलाने पांढरी पँट घातली, तर साहेबासमोर उभे राहण्याआधीच ती मळलेली असेल.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पोशाखाकडे नीट पाहावे. १९५४ साली त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. निवडणूक ते हरले, पण त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या लोकांना ते जवळून पाहायला मिळाले. बेतशीर सूट, टाय, चकाकणारे बूट ही त्यांची नेहमीची वेशभूषा. ज्यांच्या चांगला कपडा घालण्यावरही गावाने डोळे वटारले, त्या लोकांसाठी तो सूट म्हणजे ताठ मानेने उभे राहण्याचा धडा होता. तेच बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेसाठी आले, तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. संसदेत शोभणारा पोशाख वेगळा आणि दीक्षेच्या सोहळ्याला शोभणारा वेगळा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांच्या वापरातले कपडे आणि वस्तू जपून ठेवल्या आहेत. पोशाखाची आवड असलेल्या प्रत्येक तरुणाने तिथे एकदा जाऊन यावे. कपडे नीट ठेवणे ही माणसाची स्वतःविषयीची आस्था असते, हे तिथे फार स्पष्ट जाणवते.

कोसा ओळखायचा कसा

तुती, टसर, एरी आणि मुगा हे रेशमाचे चारही प्रकार व्यापारी प्रमाणावर तयार होणारा देश म्हणून भारताचे नाव घेतले जाते. त्यातला टसर म्हणजेच आपला कोसा. तुतीचे रेशीम गुळगुळीत, चकचकीत आणि सुळसुळीत असते. कोशाचा धागा त्यापेक्षा जाड आणि चपटा असतो, त्यामुळे त्याची चमक मंद असते आणि कापडाला एक अंगचा ताठपणा असतो. पुरुषाच्या पोशाखाला हाच ताठपणा उपयोगी पडतो. जाकीट खांद्यावर बसते, कुर्त्याचा घेर अंगाला चिकटत नाही, मधून हवा खेळते. त्याचा मूळ रंग मधाळ असतो, कधी थोडा करडा. सावळ्या वर्णाला तो फार खुलून दिसतो. पहिली खरेदी याच मूळ रंगात करावी. रंगवलेला कोसा नंतर घेता येतो.

दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा: ताणा कशाचा आणि बाणा कशाचा? दोन्ही कोशाचे असतील तर भाव जास्त असणारच. ताणा सुताचा आणि बाणा कोशाचा असेल, तर ते मिश्र कापड झाले. मिश्र कापड वाईट नसते. रोजच्या सदऱ्याला ते उलट सोयीचे पडते. पण भाव मिश्र कापडाचा द्यावा, शुद्ध कोशाचा नाही. दुसरा प्रश्न: हे सरळ कातलेल्या कोशाचे आहे की घिच्याचे? फुटक्या किंवा पाखरू बाहेर पडलेल्या कोशांपासून हाताने काढलेला जाडाभरडा धागा म्हणजे घिचा. त्याच्या कापडात जागोजागी गाठी आणि जाड-बारीक रेघा दिसतात. कुर्त्याला बारीक कोसा घ्यावा आणि जाकिटाला घिचा. घिच्याच्या जाकिटाला जो खानदानी खडबडीतपणा येतो, तो गिरणीच्या कापडाला येत नाही.

आता कापड हातात घेऊन पाहा, आणि तेही दुकानाच्या दिव्याखाली नाही, दारात उजेडाला आणून. उजेडासमोर धरले की हातमागाच्या कापडात धाग्यांची जाडी किंचित कमी-जास्त दिसते. सगळा धागा अगदी एकसारखा आणि झगझगीत दिसला तर शंका घ्यावी. मुठीत चुरगळून सोडले की कोसा थोडी चुणी धरतो, पॉलिएस्टर लगेच सरळ होते. खात्रीच करायची असेल तर कापलेल्या कडेचे दोन-तीन आडवे आणि दोन-तीन उभे धागे मागून घ्या आणि वेगवेगळे जाळून पाहा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ते फारसे पेटत राहत नाही आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखे भुरकन जळते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची टणक गोळी होते. उभे आणि आडवे धागे वेगळे जाळायचे कारण हेच, की ताण्यातच भेसळ लपलेली असते. दुकानात हे करायला संकोच वाटत असेल तर केंद्रीय रेशीम मंडळाच्या आधाराने चालणाऱ्या सिल्क मार्क संस्थेचे लेबल आहे का ते पाहा. ते लेबल शुद्ध रेशमाची खूण आहे. हातमागाची खूण वेगळी असते. पण ओळखीचा विणकर आणि त्याच्या घरचा माग ही सर्वांत भरवशाची खूण. जमले तर कापड तिथूनच घ्यावे. पैसा थेट विणणाऱ्याच्या हातात जातो आणि पुढच्या वेळी तो तुमच्या मापाचा पन्हा लावून देतो.

पन्ह्याची चौकशी आधी करा. हातमागाचा पन्हा साधारण ४४-४५ इंचांचा असतो. या पन्ह्यात बिनबाह्यांच्या जाकिटाला सुमारे दीड ते पावणेदोन मीटर, गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला अडीच ते तीन मीटर कापड लागते. उंची आणि अंगलोट पाहून शिंप्याकडून नेमका आकडा आधी घ्यावा आणि त्यावर पाव मीटर जास्तीचे घ्यावे. एकाच ठाणातले कापड पुन्हा मिळेलच असे नसते.

करवती काठाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. विदर्भातल्या कोष्ट्यांची ही खास कारागिरी. यात तीन धोटे लागतात: दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक. काठाचा आणि अंगाचा आडवा धागा जिथे एकमेकांत गुंततो तिथे दातेरी रेघ उमटते. ती पाहून बहुतेकांना साडीच आठवते. पण पुरुषाच्या उपरण्याला आणि धोतराला हा काठ तितकाच देखणा दिसतो. साधा सदरा, साधे धोतर आणि खांद्यावर करवती काठाचे उपरणे, एवढ्यावर मुलाकडचा ज्येष्ठ माणूस मांडवात उठून दिसतो.

शिंप्याकडे जाताना

कापड कितीही भारी असो, बेत फसला की सगळे वाया. म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर कापडात वाचवा, शिलाईत वाचवू नका. लग्नसराईच्या तोंडावर, विशेषतः अक्षय तृतीयेच्या आधी, शिंप्याकडे कामाचा ढीग असतो. निदान महिनाभर आधी जा. माप द्यायला जाताना आत जो सदरा घालणार तोच घालून जा आणि पँटच्या मापासाठी जे बूट घालणार तेच पायात असू द्या. कापड शिंप्याच्या हवाली करण्याआधी, रंग पक्का असल्याची खात्री करून, एकदा साध्या गार पाण्यातून काढून सावलीत वाळवावे, म्हणजे आटायचे ते आधीच आटेल. शुद्ध कोशाबाबत विणकराचा सल्ला घेऊनच हे करावे.

पहिल्या फिटिंगला पुढच्या गोष्टी आरशासमोर उभे राहून तपासा.

खांदा: शिवण नेमकी खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. खाली ओघळली तर कपडा उसना वाटतो, आत सरकली तर बाही ताणते. बाकी सगळे दुरुस्त होते, खांदा दुरुस्त करणे सर्वांत कठीण. म्हणून नजर आधी तिथे.

मुंढा: हात वर केला की संपूर्ण जाकीट वर उचलले जात असेल, तर मुंढा फार खाली कापला आहे. मुंढा बगलेच्या जवळ असावा, पण काचू नये.

गळा: बंद गळ्याच्या कॉलरमध्ये दोन बोटे सहज जावीत. त्याहून सैल असेल तर मागून कॉलर मानेपासून सुटते. घट्ट असेल तर जेवायला बसल्यावर हुक काढावाच लागतो.

छाती आणि पोट: सगळी बटणे लावा आणि बसून पाहा. बटणापासून दोन्ही बाजूंना आडव्या चुण्या पडल्या तर तिथे कापड कमी पडते आहे. पोट असलेल्या माणसाने ते आवळून लपवायला जाऊ नये. सरळ पडणारे जाकीट त्याला जास्त शोभते.

लांबी: जाकीट सदऱ्याच्या खिशापाशी संपू नये, नितंबाच्या निम्म्यापर्यंत यावे. कोटाची बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी आणि आतल्या सदऱ्याचा कफ अर्धा इंच बाहेर दिसावा. पँटची मोहरी बुटावर हलकीशी टेकावी. घोट्याशी कापडाचे वेटोळे साचले की चांगली उंचीही खुजी दिसते.

शिंप्याला तीन गोष्टी मुद्दाम सांगाव्यात. एक, अस्तर सुती लावा, आणि उन्हाळ्याच्या कपड्याला पाठीत अर्धेच अस्तर पुरे. दोन, आतल्या शिवणीत इंचभर कापड राखा. अंग सुटले तर जाकीट उसवून वाढवता येते आणि बापाचे जाकीट मुलाला येते. तीन, प्लॅस्टिकची चकचकीत बटणे नकोत. घिच्याच्या जाकिटाला लाकडी किंवा कापड मढवलेली बटणे चांगली. पितळी बटणेही उत्तम दिसतात, आणि पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याच्या माणसाला ती विशेष शोभतात.

चार प्रसंग, चार पोशाख

उन्हाळ्यातले लग्न. नवरदेवाने जाड शेरवानीचा मोह सोडून बारीक कोशाचा कुर्ता, त्यावर घिच्याचे जाकीट किंवा सुती अस्तराची हलकी अचकन, आणि खाली धोतर किंवा चुडीदार असा विचार करावा. भाड्याची शेरवानी दुसऱ्याच्या मापाची असते आणि एका रात्रीसाठी मोजलेल्या भाड्यात भर घातली तर स्वतःचे जाकीट होते, जे पुढची कित्येक वर्षे अंगावर राहते. फेट्याचा रंग तेवढा भडक असू द्या. कुर्ता मूळ रंगाचा, फेटा गुलाबी किंवा केशरी, आणि बाकी सगळे शांत. फेट्याला साधारण आठ-नऊ मीटर मलमल लागते. तयार फेट्याऐवजी डोक्यावर बांधलेला फेटा घ्यावा. तो नीट बसतो आणि उकाड्यात डोके मोकळे राहते. सूट घालायचाच असेल तर तो रात्रीच्या स्वागत समारंभाला ठेवा.

मंडई आणि सण. धान कापणीच्या हंगामात, भाऊबीजेपासून पुढे गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार आणि नाटके होतात, लेकी-जावई गावी येतात. हवा तोवर गार झालेली असते. सुती सदरा, त्यावर कोसा जाकीट, खाली सुती पँट किंवा धोतर आणि खांद्यावर दुपट्टा हा या दिवसांचा सर्वांत देखणा पोशाख. रात्री थंडी वाढली की दुपट्ट्याच्या जागी लोकरी शाल घ्यावी. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेत चढण आणि गर्दी असते. तिथे भारी जाकीट नको, साधा धुवट सदरा आणि घट्ट बसणारी पादत्राणे हवीत.

कचेरी आणि मुलाखत. पांढरा किंवा फिका निळा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, गडद निळी किंवा कोळशी रंगाची पँट, काळे तस्म्यांचे बूट. एवढ्यावर कोणीही बोट ठेवणार नाही. नवा सदरा मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आधी एकदा धुऊन घाला, म्हणजे कुठे काचतो ते कळेल. टाय लावली तर तिचे टोक पट्ट्याच्या बकलाला टेकावे, वर लटकू नये आणि खालीही येऊ नये. दोन बटणांच्या कोटाचे खालचे बटण उघडे ठेवतात आणि बसताना वरचेही सोडतात. डिसेंबर-जानेवारीत लोकरीचा सूट आनंदाने घालावा. त्याचा पहिला रंग गडद निळा असावा. काळा रंग दिवसाच्या उजेडात निस्तेज दिसतो आणि धूळ लपवत नाही.

दुःखाचा प्रसंग. अंत्ययात्रेला आणि तेरवीला पांढरा किंवा फिका, स्वच्छ, बिनचमकीचा कपडा. अत्तर नको, झगमगीत घड्याळ नको, अंगठ्यांची गर्दी नको. आपण तिथे दुसऱ्याच्या दुःखात सामील व्हायला गेलेलो असतो. कपड्याने कोणाचीही नजर आपल्याकडे वळू नये, एवढे भान पुरे.

पायापासून डोक्यापर्यंत

माणसाच्या कपड्यांची परीक्षा लोक खालून वर करतात. म्हणून आधी पाय. कुर्ता-धोतराला कोल्हापुरीसारखे दुसरे पादत्राण नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या पुरुषवस्त्रांच्या प्रदर्शनात थेट तशाच चपला मांडल्या आणि इथल्या कारागिरांचे नावही घेतले नाही. महाराष्ट्रातून टीका झाल्यावर कंपनीने त्या चपलांचे मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. जे मिलानला हवेसे वाटले ते वापरायला आपण लाजू नये. घेताना तळ खरोखर चामड्याचा आहे का, शिवण चामड्याच्या वादीची आहे का ते पाहा. नवी जोडी पहिले काही दिवस घरात तासभरच घाला आणि पट्ट्यांना तेलाचा हात द्या. धानाच्या बांधावर आणि पावसाळ्याच्या चिखलात ती कधीच नेऊ नये. भिजली तर उन्हात किंवा चुलीपाशी न ठेवता वाऱ्यावर वाळवावी.

बुटांची एक काळी आणि एक तपकिरी जोडी आयुष्यभर पुरते. पट्टा बुटाच्या रंगाचा, मोजे पँटच्या रंगाचे. बसल्यावर पँट आणि मोज्यामध्ये पोटरी दिसू नये. बूट लागोपाठ दोन दिवस घालू नयेत. मधल्या दिवशी आतला घाम वाळतो आणि चामडे टिकते.

घड्याळ एकच, पण चांगले. पुष्कळ घरांत कपाटाच्या खणात वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे एचएमटी पडून असते. १९६१ पासून बंगळुरूच्या कारखान्यातून निघालेली ही घड्याळे एका अख्ख्या पिढीच्या पहिल्या पगाराची खूण होती. ते घड्याळजीकडे नेऊन साफ करून घ्या, साधा चामड्याचा पट्टा लावा. कुर्ता, सूट, जाकीट या सगळ्यांवर ते शोभते आणि त्याला जो मान मिळतो तो नव्या महागड्या घड्याळाला मिळत नाही.

रुमाल दोन ठेवा: एक वापरायचा, सुती, एक वरच्या खिशात दिसायचा. जाकीट शिवून उरलेल्या कोशाच्या तुकड्याला हाताने तुरपाई करून दुसरा रुमाल घरीच होतो. पाकीट फुगलेले नसावे आणि ते मागच्या खिशात नसावे. त्याने पँटचा बेत बिघडतो. खिशाला शाईचे पेन असेल तर टोपण घट्ट आहे ना ते पाहा, कोशावरचा शाईचा डाग जात नाही. अत्तर मनगटाला आणि कानामागे, कापडावर कधीच नाही. आणि पावसाळ्यात काळी लांब दांड्याची छत्री हाताशी ठेवावी. कुर्ता-जाकिटावर रेनकोट चढवला की सारा बेत झाकला जातो.

जपणूक

रेशमाचा मोठा शत्रू घाम आहे. समारंभाहून आल्यावर जाकीट लगेच कपाटात कोंबू नका. रुंद खांद्याच्या हँगरला लावून रात्रभर वाऱ्यावर ठेवा. प्रत्येक वेळी धुण्याची गरज नसते. कुर्ता धुवायचा तर गार पाणी, रिठा किंवा सौम्य द्रव साबण, चोळणे नाही, पिळणे नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत वाळवावे. थोडा ओलसर असतानाच उलट्या बाजूने मध्यम इस्त्री फिरवावी. अस्तर लावलेले जाकीट किंवा अचकन मात्र ड्रायक्लीनलाच द्यावी.

हळदीचा डाग हा लग्नघरातला हमखास त्रास. साबण लागताच हळद लाल होते आणि माणूस घाबरून आणखी चोळतो. सुती कपडा असेल तर साबणाने धुऊन कडक उन्हात टाका, उन्हाने हळदीचा रंग हळूहळू उडतो. कोशाचा कपडा उन्हात टाकू नका. त्याचा स्वतःचा रंग आणि जोम दोन्ही जातात. त्यावरचा डाग लगेच गार पाण्याने टिपून घ्या आणि ड्रायक्लीनवाल्याला डाग कशाचा आहे ते सांगा. खर्ऱ्याचा किंवा पानाचा शिंतोडा उडाला तरी हेच करावे. त्याहून बरे, चांगला कपडा अंगावर असताना खर्रा खिशात ठेवूच नये.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको. धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळा. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला कपाटात ठेवा. डांबरगोळी ठेवायची तर ती कापडाला टेकू देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला, नाहीतर रेशीम घडीवरच विरते. आणि ठेवणीतला कपडा पावसाळा संपल्यावर एकदा सावलीत मोकळा करावा.

सुरुवात कुठून करावी

एकदम सगळे घेण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी दोन पांढरे किंवा फिके सुती सदरे आणि एक गडद पँट नीट मापात शिवून घ्या, आणि काळ्या बुटांची एक जोडी. एवढ्याने कचेरी, मुलाखत आणि दुःखाचा प्रसंग निभावतो. दुसऱ्या वर्षी मूळ रंगाच्या घिच्याचे जाकीट. हेच जाकीट सदऱ्यावर घातले की मंडई, कुर्त्यावर घातले की लग्न. तिसऱ्या वर्षी कोशाचा कुर्ता आणि कोल्हापुरी. त्यानंतर, वाटलेच तर, हिवाळ्यासाठी निळा सूट. दर वर्षी मोजक्याच गोष्टी घ्यायच्या, पण अशा की पाच वर्षांनीही त्या अंगावर घालताना संकोच वाटणार नाही.

पहिले काम आजच करता येण्यासारखे आहे. कपाट उघडा, सगळे कपडे बाहेर काढा आणि एकेक अंगावर घालून आरशात खांदा पाहा. खांद्याला बसणारे बाजूला ठेवा. त्यांतले जे उसवले, सैल झाले, बटण तुटले, ते शिंप्याकडे द्या. जे खांद्याला बसतच नाहीत ते ज्याला बसतील त्याला देऊन टाका. उरलेल्या कपड्यांत काय कमी आहे ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच आंधळगावच्या मागावर किंवा तुमसरच्या बाजारात जा. मापात शिवलेला, आपल्या हवेत विणलेला आणि जपून वापरलेला कपडा अंगावर असला की माणूस कुठल्याही दारात ताठ उभा राहतो. भंडाऱ्याच्या माणसाला त्यासाठी लागणारे सारे काही भंडाऱ्यातच आहे.